साताऱ्यात की सांगलीत? पहिलं बाळंतपण कुठं करायचं

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

पत्र लिहिणारे ३१ वर्षांचे, साताऱ्याच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. पत्नी २८ वर्षांची, एका खासगी शाळेत शिक्षिका. सदर बझारात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर, लिफ्ट नाही. पहिलंच मूल. सहावा महिना सरत आलाय आणि डॉक्टरांनी १२ ऑगस्ट ही तारीख दिली आहे.

आतापर्यंत सगळं दोघांनीच निभावलं. तिला फोडणीचा वास सोसेना, म्हणून स्वयंपाक त्यांच्याकडे आला. रात्री अकरा वाजता तिला सांगलीचं भडंग खावंसं वाटलं, तर ते राजवाड्यापर्यंत फिरून आले. पोवई नाक्यापासून घरापर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत हे आता त्यांना पाठ झालंय. एकदा पहाटे दोनला तिच्या पोटात दुखायला लागलं, रिक्षा करून दवाखाना गाठला, तर ते रात्रीच्या हरभऱ्याच्या उसळीचं निघालं. जिना चढताना तिला दम लागतो, म्हणून पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांनी एक स्टूल ठेवलंय. पहिल्या मजल्यावरच्या आजी ते रोज रात्री आत घेतात आणि सकाळी पुन्हा बाहेर ठेवतात.

आता दोन्ही घरांतून फोन सुरू झालेत. कोरेगाव तालुक्यात राहणाऱ्या त्यांच्या आई म्हणतात, ‘आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरीच होतं.’ सांगलीला गावभागात राहणाऱ्या सासूबाई म्हणतात, डोहाळजेवण झालं की जूनमध्येच लेकीला घेऊन जातो. यांना स्वतःला मात्र बाळ जन्मताना तिथं असायचंय. तसं बोलून दाखवलं तर ‘बायकोच्या पदराला बांधलेला’ म्हणतील, ही धास्ती. म्हणून त्यांनी आईंना सांगितलंय की डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, आणि सासूबाईंना सांगितलंय की शाळा रजा देत नाही. दोन्ही खोटं. ते विचारतात, ‘मी उगाच हट्ट करतोय का? रीत मोडावी का?’

ता. क. ‘मुलगी झाली तर बर्फी वाटायची, असं आई म्हणते. मला काहीही झालं तरी पेढेच वाटायचेत. चालेल ना?’

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि कोण काय म्हणतं त्याखाली रेघा मारत गेले. आईंचं म्हणणं सहा ओळी. सासूबाईंचं पाच. तुमच्या मनात काय आहे ते जवळजवळ पानभर. आणि जिच्या पोटात बाळ आहे तिचं म्हणणं एका वाक्यात: ‘ती म्हणते मला कुठंही चालेल.’

मला या एका वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. लग्न झालेल्या मुलीच्या तोंडात ‘मला चालेल’ फार लवकर बसतं. जेवायला कुठं जायचं, सुट्टीत कुणाकडं आधी जायचं, कोणत्या रंगाचा पडदा, सगळ्याला चालेल. पुष्कळदा ते खरंही असतं. पण इथं एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला सासू आणि मध्ये तुम्ही, आणि तुम्हाला काय हवंय हे तिला आधीच ठाऊक आहे. अशा वेळी ‘कुठंही चालेल’ याचा अर्थ ‘मी तोंड उघडलं तर कुणीतरी दुखावणार’ असाही निघू शकतो.

तेव्हा ‘कुठं करायचं?’ असं तिला परत विचारू नका, तेच उत्तर येईल. बारीक बारीक विचारा. कळा सुरू झाल्यावर हातात हात कुणाचा हवा? पहाटे तीनला बाळ रडतंय, तुझ्यानं उठवत नाहीये, तर हाक कुणाला मारशील? टाके ओले असताना न्हाणीत कोण सोबत असलेलं चालेल? कुणासमोर तुला संकोच न वाटता रडता येईल? हे विचारायला निवांत वेळ काढा. तुमची सुट्टी असेल त्या संध्याकाळी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी किंवा गोडोलीच्या तळ्याकडं गाडी लावून बसा, तिथं फोन वाजला तरी उचलू नका. यातल्या दोन-तीन प्रश्नांना ती ‘आई’ म्हणेल, याची तयारी ठेवा. तुम्हाला ते थोडं लागेल. तरी पूर्ण ऐकून घ्या, आणि तिथल्या तिथं ‘पण मग मी?’ असं म्हणू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. रीत मोडावी का, असं तुम्ही विचारता. ही रीत का पडली असेल ते आधी बघू. पूर्वीच्या घरात सुनेला दुपारी पाठ टेकायची सोय नव्हती. ओली बाळंतीण असली तरी चूल, पाणी, दळण सुटत नसे. ‘अजून उठली नाहीस का?’ असं जिथं कुणी विचारणार नाही असं एकच घर तिला होतं, ते माहेरचं. म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन जायचं. माझ्या मते आपल्याकडच्या फार शहाण्या रीतींपैकी ही एक आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्या मुळाशी होती ती विश्रांती. तुमच्या घरात फोडणी तुम्ही देता, जिन्यात स्टूल तुम्ही ठेवता. म्हणजे ज्या कारणासाठी मुली माहेरी जात, त्यातलं बरंचसं तिला साताऱ्यातच मिळतंय. बरंचसं म्हणते, सगळं नाही. तुमची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा ती मध्यरात्रीपर्यंत घरात एकटी असते, हे तुमच्याच पत्रात आहे. त्याची व्यवस्था लागल्याशिवाय साताऱ्याचा बेत पुरा होत नाही.

आणि या रीतीची किंमत कुणी मोजली तेही सांगते. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, कऱ्हाडला झालं. यजमान चौथ्या दिवशी एसटीनं आले. आईनं बाळ त्यांच्याकडं दिलं, तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे पुढं केले, देवळात प्रसाद घेतात तसे, आणि कोपर अंगाशी घट्ट आवळून उभे राहिले. बाळ कसं धरायचं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. चहा झाला, बाळाच्या हातात पैसे ठेवले आणि शेवटच्या गाडीनं गेले. मी तीन महिन्यांनी घरी परतले तेव्हा मला बाळाच्या रडण्यातली भूक आणि झोप वेगळी ओळखता येत होती, त्यांना येत नव्हती. पुढं वर्षभर बाळ रडलं की ते मला हाक मारत. त्यांची माया कमी होती असं अजिबात नाही. शिकायचे दिवस त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. ते दिवस तुम्हाला हवेत असं तुम्ही म्हणताय, तर याला मी हट्ट म्हणणार नाही. पण हेही खरं की माझ्या आईनं त्या सव्वा महिन्यात मला जी झोप दिली, अंगाला तेल लावून, धुरी देऊन, पानात पेज आणि मेथीची भाजी वाढून जे माझं केलं, ते दुसऱ्या कुणाला तसं जमलं नसतं. तुमच्या पत्नीला यातलं काय हवंय आणि किती, ते तुम्ही तिच्या वतीनं ठरवू नका.

मला वाटतं तुमची सगळ्यांची गाठ एका शब्दापाशी पडली आहे. ‘बाळंतपण’ म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र बोलतो: बाळ जन्मतं तो दिवस, आणि त्यानंतरचे ४०-४५ दिवस. तुम्हाला हवाय तो पहिला दिवस. सासूबाईंना मनापासून करायचंय ते दुसरं, डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच घरात व्हायला हव्यात असं कुठं आहे? ही फोड कागदावर केलीत की निम्मं भांडण तिथंच मिटेल.

आता एक वेगळीच गोष्ट. पत्रात १२ ऑगस्ट ही तारीख वाचली, त्याच पानावर सांगलीचा गावभाग वाचला, आणि माझं लक्ष रीतीवरून उडून सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं गेलं. सांगलीकरांना हे सांगावं लागत नाही. पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडं होड्या फिरत होत्या. २०२१ ला जुलैच्या शेवटी पुन्हा पाणी आलं. २००५ चा पूर तर तुमच्या सासऱ्यांना तारखांसकट आठवत असेल. पाऊस तुमच्या साताऱ्याच्या डोंगरात पडतो, कोयनेतून पाणी सोडतात, ते कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळतं आणि पुढं तुमच्या सासरवाडीच्या गल्लीत शिरतं. दर वर्षी असं होतं असं नाही, पुष्कळ वर्षं काहीच होत नाही. पण दिवस भरलेली बाई किंवा चार दिवसांची ओली बाळंतीण घेऊन ‘बघू, यंदा येणार नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. गावभागातल्या माणसांना हे तुम्ही नुसतं आठवण करून दिलंत तरी पुरे आहे. ज्यांनी एकदा माळ्यावर संसार चढवलाय, त्यांना याचं वाईट वाटणार नाही, आणि तुम्हाला खोटं कारण शोधावं लागणार नाही. खरं कारण नदीच देते आहे.

दुसरं कारण रजेचं. याचा हिशेब कुणीच केलेला दिसत नाही. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. १० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी ती लागू होते, आणि तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. सासूबाई म्हणतात तसं ती जूनच्या मध्यावर गेली, तर ऐन शाळा उघडायच्या वेळी रजा सुरू होईल, आठही आठवडे आधीच संपतील, बाळ झाल्यावर १८ उरतील, आणि डिसेंबरच्या मध्यावर चार महिन्यांचं बाळ घरी ठेवून तिला वर्गात उभं राहावं लागेल. तेच शेवटचे दोन आठवडेच आधी घेतले तर बाळानंतर २४ हातात राहतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटापर्यंत. बाळ साडेपाच महिन्यांचं होईल. सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यायला सांगतात, त्याच्या अगदी जवळ आपण पोचतो. हा हिशेब तिच्याबरोबर बसून कॅलेंडरवर मांडा. अर्थात तब्येतीनं साथ दिली तर. डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगतील त्या दिवशी हा हिशेब बाजूला ठेवायचा.

माझा कौल विचाराल, तर बाळ साताऱ्यात होऊ द्या आणि सासूबाईंना इथं बोलवा. २० जुलैच्या आसपास त्या आल्या तर उत्तम, कारण २२ जुलैला ३७ आठवडे पूर्ण होतात आणि त्यानंतर बाळ कधीही येऊ शकतं. १२ तारीख म्हणजे गाडीची वेळ नाही. नेमक्या दिलेल्या दिवशी जन्मणारं बाळ विसांत जेमतेम एखादं. सव्वा महिना झाला, सप्टेंबर संपत आला, पाणी ओसरलं, की तिला आणि बाळाला सांगलीला पाठवा, तिथं दिवाळीपर्यंत राहू दे. सासूबाईंचे लाडू वाया जात नाहीत, आजोबांना नातू-नात मांडीवर घेऊन ओट्यावर बसता येतं, आणि तोवर तुम्हाला बाळ धरता यायला लागलेलं असतं.

पण यात अडचणी आहेत, त्याही बघा. लेकीच्या घरी महिना-दोन महिने राहायचा जुन्या माणसांना संकोच असतो. पूर्वी तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. त्यांना ‘या’ म्हणून भागणार नाही, त्यांची जागा आधी करून ठेवा. आतली खोली त्या तिघींची, म्हणजे आई, लेक आणि बाळ. तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. त्यांना सकाळी किती वाजता चहा लागतो, देवपूजा कुठं करतील, गुडघे दुखत असतील तर शौचालय कसलं आहे, हे आत्ता विचारा. दुसरा मजला आहे, तेव्हा दवाखान्यातून आल्यावर एकदा सावकाश चढायचं आणि पुढं रोजची चढ-उतार टाळायची. सिझेरियन झालं तर हे जास्तच सांभाळा.

नोकरीचं म्हणाल तर खासगी कंपनीत बापाला रजा द्यायची कायद्यानं सक्ती नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, तुमच्या कंपनीत काय आहे ते एचआरला विचारा. जे मिळेल ते, आणि साठलेली रजा, सगळी पहिल्या आठवड्यात उधळू नका. पहिल्या आठवड्यात दवाखाना असतो, माणसं असतात. तुमची खरी गरज ती बाळाला घेऊन सांगलीहून परतते त्या आठवड्यात लागते. चार दिवस तेव्हासाठी राखून ठेवा. आणि जुलै-ऑगस्टला फर्स्ट शिफ्ट मिळेल का, हे सुपरवायझरला आजच विचारा. ऐन वेळी कुणी बदलून देत नाही.

समजा तिच्याशी बोलल्यावर ती स्पष्ट म्हणाली, ‘मला आईकडंच जायचंय.’ मग माझा कौल बाजूला ठेवा आणि सांगलीची तयारी नीट करा. जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत, म्हणजे ३४ आठवड्यांच्या आसपास जाणं होऊ दे. नववा लागल्यावर सव्वाशे किलोमीटरचा प्रवास नको. रेल्वे बसपेक्षा बरी, धक्के कमी लागतात आणि चालता येतं. गाडीनं गेलात तर पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्यायचा, आणि दर तासाला उतरून पाय मोकळे करायचे. राहणं गावभागात नको. पत्रात विश्रामबागेतल्या मामांचा उल्लेख आहे, त्यांच्याकडं करा. दवाखानाही विश्रामबाग किंवा मिरजेकडचा निवडा, जिथं पाणी आलं तरी पोचता येईल. तिथल्या डॉक्टरांना तारखेआधी किमान दोनदा दाखवा. सगळी फाइल, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळच असू दे, तुमच्या कपाटात नको. कळा सुरू झाल्या की पहिला फोन तुम्हाला, हे सासूबाईंकडून कबूल करून घ्या. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा पुष्कळ तास जातात, तीन तासांत तुम्ही पोचाल. पाऊस लागला तर आष्ट्याकडून सांगलीत येणारा रस्ता बंद होऊ शकतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा, आणि मिरजेपर्यंत रेल्वेनं जायचा पर्याय डोक्यात ठेवा.

दोन्हीपैकी कुठंही असलात तरी एक आत्ताच विचारून घ्या: प्रसूतीच्या खोलीत सोबत कुणाला घेतात? सरकारी दवाखान्यात जवळच्या एका बाईला सोबत ठेवायची मुभा असते. नवऱ्याला घ्यायचं की नाही हे तिथं आडोसा किती आहे यावर ठरतं. खासगीत ज्याचा त्याचा नियम. ‘मला तिथं असायचंय’ याचा अर्थ तुमच्या मनात खोलीच्या आत असेल आणि दवाखान्याच्या मनात बाकावर असेल, तर ते त्या रात्री कळू नये. आणि एकालाच आत घेत असतील व तिला आई हवी असेल, तर तुम्ही बाकावर बसायचं. बाकावर बसणारासुद्धा तिथंच असतो, दर तासाला चहा-पाणी आत पाठवतो, रक्ताची चिठ्ठी आली तर पळतो, आणि बाळ बाहेर आणतात तेव्हा पहिले हात त्याचे असतात.

आता त्या दोन खोट्यांबद्दल. तुम्ही भांडण टाळायला बोललात हे मला कळतं. पण पुढं बघा. सासरे शाळेत फोन करून रजेबद्दल बोलतील, कारण लेकीसाठी बाप करतोच. ‘डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय’ हे ऐकल्यापासून आईंना काळजीनं झोप लागत नसेल, असं मला तुमच्याच एका ओळीवरून वाटतं: ‘आई हल्ली दिवसातून तीनदा फोन करते.’ त्या बहुतेक घाबरल्यात. हे दोन्ही फोन या आठवड्यात करा, आणि ज्यानं त्यानं आपापल्या आईला. तुम्ही म्हणा, ‘आई, तिची तब्येत चांगली आहे, प्रवास बंद केलेला नाही. मी खोटं बोललो, कारण मला बाळाच्या वेळी तिथं असायचंय आणि हे तुला सांगायला लाज वाटली.’ बस, एवढंच. पुढं त्या काय म्हणतील ते म्हणू द्या. आणि जमलं तर त्याच फोनवर त्यांना विचारा की तुमचा जन्म कुठं झाला, तेव्हा घरात कोण होतं, त्यांना काय त्रास झाला. मुलगे हे आईला कधी विचारत नाहीत. ‘आपल्यात असंच असतं’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात स्वतःच्या बाळंतपणाचं काय साठलंय ते ऐकल्यावर पुढचं बोलणं फार सोपं होतं. त्यांनाही यात जागा द्या. बारसं कोरेगावला करता येईल. सध्या सगळ्या बेतात त्यांच्या वाट्याला नुसती काळजी आली आहे.

भावकीत कुणी ‘पदराला बांधलेला’ म्हणालं तर म्हणू दे. चार दिवस बोलतील.

तुमच्या पत्रात एक ओळ अशी होती की ती वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. ‘सकाळच्या चहाबरोबर तिला लोहाची गोळी आठवणीनं देतो.’ आठवण सोन्यासारखी, पण चहा नको. चहामुळं लोह अंगी लागत नाही. चहाच्या आधी-नंतर तास-दोन तास सोडून द्या. लिंबाच्या सरबताबरोबर दिलीत तर जास्त चांगलं. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर देऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ देत. गोळीनं शौचाला काळपट होतं, त्याला घाबरायचं नाही. बाळ झाल्यावरही गोळ्या सहा महिने चालू ठेवायला सांगतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाळाच्या गडबडीत त्या डब्यातच राहतात. ती आठवण पुढंही तुम्हीच ठेवा.

उसळीच्या रात्री तुम्ही दवाखान्यात गेलात आणि ‘सगळे हसले’ असं लिहिलंय. हसू देत, पुन्हा शंका आली तर पुन्हा जा. हे मी या पत्राच्या निमित्तानं तुमच्यासारख्या सगळ्यांनाच सांगते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा ठिपके, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, ताप, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, मोठ्या माणसांना विचारत बसायचं नाही. ३७ आठवड्यांच्या आधी पोट ठरावीक वेळानं आवळायला लागलं तरी तसंच. ३७ नंतर कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या, तास झाला तरी तशाच राहिल्या, की निघायचं. रिक्षा मिळेना तर १०८. हा नंबर फ्रिजवर चिकटवा, आणि एक चिठ्ठी पहिल्या मजल्यावरच्या आजींकडं द्या. तुमची शिफ्ट असेल तेव्हा तिला सगळ्यात जवळचं माणूस त्याच आहेत.

राहता राहिले पेढे. मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी, हे आपल्याकडं इतकं रुळलंय की लोक डबा उघडायच्या आधी रंगावरून ओळखतात. याच सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नाव ठेवलेल्या मुली शाळेत जात होत्या. २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. त्यातल्या मोठ्या मुली आता तुमच्या पत्नीच्या वयाच्या आसपास आल्या असतील. तेव्हा तुम्ही पेढेच वाटा, आईंना आधी प्रेमानं सांगून वाटा. कंदी पेढा आहे, खवा चांगला भाजलेला असतो, सांगलीपर्यंत नेला तरी खराब होत नाही. दोन डबे जास्त घ्या, एक गावभागासाठी आणि एक कोरेगावसाठी. आणि दवाखान्यातून घरी येताना जिना चढायच्या आधी पहिला पेढा त्या स्टूलवाल्या आजींना द्या.